दुखतं एकाला, बोलतो दुसरा
सिंधुदुर्गातल्या रुग्णसंवादाचा आढावा

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही आरोग्य केंद्रात सकाळी दहाच्या सुमाराला अर्धा तास बसावं. बहुतेक रुग्ण कुणाला तरी सोबत घेऊन आलेले असतात आणि डॉक्टरांशी बोलणारा बऱ्याचदा तो सोबतीच असतो. आजीचं दुखणं सून सांगते, सुनेचं सासू. चिरेखाणीवरच्या कामगाराला काय होतंय ते मुकादम सांगतो, आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराचं बागायतदार. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या वतीने भाऊ बोलतो. आणि शस्त्रक्रिया करायची का, ओरोसच्या रुग्णालयात न्यायचं की गोव्यात बांबोळीच्या, असा निर्णय घ्यायची वेळ आली की मोबाइल पुढे येतो : ‘मुंबयक फोन लावतंय, झिलाशी बोला.’ झील म्हणजे मुलगा.

वेगवेगळ्या गरजा असलेल्या रुग्णांशी कसं बोलावं, हा विषय आता वैद्यकीय अभ्यासक्रमात आला आहे. भाषा, वय, अपंगत्व, मानसिक आजार, श्रद्धा असे त्याचे कप्पे पाडून शिकवलं जातं. सिंधुदुर्गात मात्र या प्रत्येक कप्प्यात एक माणूस हमखास सापडतो, तो म्हणजे मधला माणूस. त्याच्यावाचून दवाखान्याचं पान हलत नाही आणि त्याच्यामुळेच रुग्णाचा आवाज डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. जिल्ह्यातल्या रुग्णसंवादाची अडचण समजून घ्यायची तर या माणसापासूनच सुरुवात करावी लागते.

जिल्ह्याची घडण

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ च्या जनगणनेत ८,४९,६५१ वर आली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया. कर्ती माणसं मुंबई-गोव्याकडे, गावात म्हातारी माणसं आणि बायका, हे चित्र या दोन आकड्यांत स्पष्ट दिसतं. साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर आहे, राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त. तेव्हा ‘लोक अडाणी आहेत, सांगून समजत नाही’ ही सबब इथे चालायची नाही.

जिल्हा लहान असला तरी एकसारखा नाही. किनाऱ्यावर गाबित मच्छीमार, खाड्यांच्या काठाने मुसलमान वस्त्या, मालवण-वेंगुर्ला-सावंतवाडीकडे घरात कोकणी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं, सह्याद्रीच्या पायथ्याला धनगरवाडे. त्यात कर्नाटकातून चिरेखाणींवर आलेले मजूर, ट्रॉलरवरचे परप्रांतीय खलाशी, देवगडच्या बागांतले नेपाळी. डॉक्टरही पुष्कळदा बाहेरचे असतात. सरकारी केंद्रातला बंधपत्रावरचा तरुण डॉक्टर विदर्भातला किंवा मराठवाड्यातला असू शकतो. ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झालं. तिथेही मुलं सगळीकडून येतात. मराठी बहुतेकांना येते, पण मालवणी कानाला बसायला वेळ लागतो.

‘वस्त्रहरण’ नाटकाने मालवणीला मुंबईच्या रंगभूमीवर प्रतिष्ठा दिली. दवाखान्याच्या टेबलासमोर ती प्रतिष्ठा टिकत नाही. घरात दुखण्याचं बारीकसारीक वर्णन करणारी बाई डॉक्टरांसमोर ‘शुद्ध’ बोलायला जाते आणि चार शब्दांत आटपते. उरलेलं सांगायला मग शहरात राहून आलेला कुणीतरी पुढे सरसावतो.

दोन मिनिटांची गोष्ट

मधला माणूस डॉक्टरांनाही सोयीचा असतो, कारण त्यांच्याकडे वेळ नसतो. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१७ मध्ये ६७ देशांतल्या पाहणीचा आढावा आला. प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टर एका रुग्णाला स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटं देतात, बांगलादेशात ४८ सेकंद. भारत दोन मिनिटांच्या आसपास होता. वेळ हाताशी असलेल्या देशांतही ऐकून घेण्याची सवय फारशी नाही. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी १९८४ मध्ये मोजलं तेव्हा रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. २०१९ च्या तिथल्याच एका अभ्यासात हा अवधी ११ सेकंदांवर आला. शिवाय ऐकलेलं टिकत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, असं संशोधन सांगतं.

अशा घाईत भराभर आणि मुद्द्याचं बोलणारा सोबती डॉक्टरांना देवासारखा वाटला तर नवल नाही. पण तो सांगतो ते रुग्णाचंच म्हणणं असतं का? अमेरिकेतल्या बालरोग विभागात स्पॅनिश भाषक कुटुंबांच्या १३ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या गेल्या. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुभाष्याकडून प्रत्येक भेटीत सरासरी ३१ चुका झाल्या होत्या. काही शब्द गाळलेले, काही पदरचे घातलेले, काही बदललेले. निम्म्याहून अधिक चुका उपचारावर परिणाम करू शकतील अशा होत्या आणि अप्रशिक्षित दुभाष्यांकडून अशा गंभीर चुका जास्त झाल्या. आपल्याकडची सून, मुकादम, भाऊ हे सगळे असे अप्रशिक्षित दुभाषेच.

कोकणी माणसाला मध्यस्थ नवा नाही. देवळात त्याचं गाऱ्हाणं दुसराच कुणी घालतो. पण तिथे ज्याचं गाऱ्हाणं तो शेजारी हात जोडून उभा असतो आणि प्रत्येक वाक्यापाठोपाठ ‘व्हय महाराजा’ असा होकार उठतो. दवाखान्यात मध्यस्थ बोलतो, डॉक्टर लिहितात, आणि रुग्णाचा होकार कुणी मागतच नाही.

म्हातारपण

जिल्ह्यातल्या डॉक्टरांपुढचा मोठा वर्ग वृद्धांचा. शुगर, प्रेशर, गुडघे, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं हे सगळं एकाच माणसात. सुनेने दुखणं सांगायला सुरुवात केली की एखादी आजी मधेच ठसक्यात म्हणते, ‘दुखता माका, नि सांगता ती!’ सगळे हसतात आणि पुन्हा सुनेकडेच वळतात.

वयोमानाने आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे वरच्या पट्टीत ओरडून उपयोग होत नाही. समोर बसून, ओठ दिसतील असं, खालच्या पट्टीत आणि सावकाश बोललं तर अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं गोळ्यांच्या वेळांचं. चिठ्ठीवर ‘१-०-१, जेवणानंतर’ असं लिहून मिळतं. पण ज्या घरात सकाळी चहा, अकराच्या सुमाराला पेज आणि मग दुपारी-रात्री जेवण, तिथे पहिलं ‘जेवण’ कुठलं? सोमवार, एकादशी, श्रावण, रोजे यांत त्या गोळीचं काय करायचं? पाकिटावर सगळं इंग्रजीत. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी आली की रंग बदलतो आणि ‘ही माझी नव्हे’ म्हणून ती डब्यातच राहते. ‘मीठ कमी करा’ हा सल्लाही असाच हवेत विरतो. पावसाळ्यात ज्या घरात सुका बांगडा आणि सुकट यांवर भागतं, तिथे मीठ डब्यातल्यापेक्षा मासळीत जास्त असतं. तेव्हा विचारायचं तर पेज किती वाजता होते आणि सुकं किती वेळा खाता, हे विचारावं.

यावर जगभर मान्य झालेला उपाय फुकटातला आहे. जे सांगितलं ते रुग्णाकडून परत वदवून घ्यायचं, तेही परीक्षा घेतल्यासारखं न वाटता. ‘आजये, घराक गेल्यावर सुनेक काय सांगतलंस?’ आजी म्हणाली, ‘धवी (पांढरी) सकाळी पेजेआधी, पिवळी राती जेवल्यावर,’ म्हणजे झालं. चुकली तर चूक सांगणाऱ्याची धरायची आणि पुन्हा सांगायचं.

बाई

राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. त्रास होता, तो सांगायला जागा नव्हती. गडचिरोली आणि सिंधुदुर्ग यांच्यात साक्षरतेपासून पुष्कळ फरक आहे, पण अंगावरून जाणं किंवा लघवीवर ताबा न राहणं सासूच्या देखत, पुरुष डॉक्टरांपुढे सांगणं मालवणातही सोपं नाही. सोबतच्या नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर बसवणं आणि आरोग्यसेविकेने आत थांबणं, एवढ्यानेही न सांगितलेलं बाहेर येतं.

इथे कायद्याचं एक महत्त्वाचं वळण आहे. दिल्लीत १९९५ मध्ये ४४ वर्षांची एक अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात स्पष्ट केलं की सज्ञान, समजत्या रुग्णाच्या जागी दुसऱ्याची संमती चालत नाही, मग ती आईची का असेना. जिवावर बेतलेला प्रसंग एवढाच अपवाद. शिवाय तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. मुंबईच्या झिलाच्या फोनवरच्या ‘हो’ला किती किंमत द्यायची, याचं उत्तर या निकालात आहे.

ऐकू न येणारे, न दिसणारे, वेगळं समजणारे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. याच कायद्यातल्या संवादाच्या व्याख्येत ब्रेल, मोठा टाइप, सांकेतिक भाषा आणि साधी सोपी भाषाही बसते. म्हणजे सोप्या भाषेत सांगणं हा आता डॉक्टरांच्या चांगुलपणाचा भाग राहिलेला नाही. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं आणि त्याच्या कोशात १०,००० संज्ञा आहेत. तालुक्याच्या रुग्णालयात मात्र दुभाष्या मिळणं दुरापास्त.

कर्णबधिर रुग्णापुढे कागद सरकवला की काम झालं, असा समज आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्याला लिखित मराठी ही दुसरी भाषा असू शकते. चित्रं, शरीराचा नकाशा, दुखण्याची तीव्रता दाखवणारे चेहरे, व्हिडिओ कॉलवरचा दुभाष्या हे मार्ग अधिक खात्रीचे. अंध रुग्णाला हात लावण्याआधी आपण कोण आणि काय करणार हे सांगायचं. बौद्धिक अपंगत्व असलेल्याशी एका वेळी एकच छोटं वाक्य बोलायचं. पक्षाघाताने वाचा गेलेल्याचं डोकं गेलेलं नसतं, त्याला ‘हो-नाही’चे प्रश्न विचारायचे. आणि सगळ्यांसाठी एकच नियम : प्रश्न सोबत्याला विचारला तरी नजर रुग्णाकडे असावी.

परमुलखातले

चिरेखाणीवर हात सापडला किंवा बागेत ताप आला की मुकादम किंवा मालक सोबत येतो. त्याला भाषा येते, पण त्याचे हितसंबंधही असतात. किती दिवस सुट्टी लागेल, अपघात कामावर झाला का, भरपाई कोण देणार, या प्रश्नांवर तो तटस्थ कसा राहील? इथे सोबत्याऐवजी दुसरा आवाज शोधणं हाच उपाय. त्याच भाषेचा दुसरा कामगार, फोनवर रुग्णाची बायको, नाहीतर मोबाइलवरचं भाषांतर. यंत्राचं भाषांतर ताप कधीपासून आणि दुखतं कुठे यासाठी ठीक. संमतीसाठी आणि वाईट बातमीसाठी माणूसच हवा.

मन आणि देव

मानसिक आजाराच्या संवादाचा सर्वांत चांगला धडा सिंधुदुर्गच्या शेजारीच मिळतो. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या ‘मानस’ प्रकल्पात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांशी बोलायचं काम केलं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना याचा स्पष्ट फायदा दिसला. पुढे सहा ते आठ बैठकींच्या उपचारपद्धतीचाही गुण २०१७ मध्ये सिद्ध झाला. म्हणजे मधला माणूस शिकवून तयार करता येतो आणि तो रुग्णाच्या बाजूचा असू शकतो.

सिंधुदुर्गात मनाचं दुखणं आधी देवळात जातं. कौल लावला जातो, बाधा पाहिली जाते. साप चावला तरी काही घरं आधी मांत्रिकाकडे वळतात, आणि फुरसं, मण्यार, घोणस, नाग यांच्या मुलखात ही वाट फार महाग पडते. पण दवाखान्यात पोचल्यावर ‘आधी तिथे कशाला गेलात?’ म्हणून झापलं की पुढचा रुग्ण ते लपवतो. मग चावल्याची खरी वेळ डॉक्टरांना कळत नाही आणि किती वेळ वाया गेला याचा अंदाजच चुकतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी सत्तरच्या दशकात यावर साधे प्रश्न सुचवले होते. हा आजार कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं? तुम्हाला जास्त भीती कशाची आहे? न झापता एवढं विचारलं की देवाचा कौल आणि डॉक्टरांची गोळी एकाच घरात नांदू शकतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ तर आपला प्रतिनिधी निवडायचा हक्क रुग्णालाच देतो. टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, तेही वाडीत कुणाला न कळता.

शेवटचा कठीण प्रसंग कर्करोगाचा. ‘त्यांना सांगू नका, खचतील,’ असं घरचे दारातच बजावतात. रुग्णाला बहुधा कळलेलं असतं आणि तोही घरच्यांसाठी गप्प राहतो. डॉक्टरांनी खोटंही बोलू नये आणि निदान अंगावरही फेकू नये. ‘आजाराबद्दल किती माहिती हवीय? सगळं तुम्हाला सांगू की मुलाला?’ हे रुग्णालाच विचारावं. मुलाचं नाव त्याने स्वतः घेतलं, तर तो मध्यस्थ खरा.

आशा आणि तिच्या मर्यादा

२०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडताप आला, नंतर सावंतवाडीच्या बाजूलाही. १९५७ मध्ये कर्नाटकात सापडलेला हा गोचिडींतून पसरणारा आजार नेमका काजूच्या हंगामात जोर धरतो, जेव्हा सगळं गाव रानात असतं. मेलेलं माकड दिसलं तर कळवा, रानात जाताना अंगाला गोचीडरोधक तेल लावा, ताप लपवू नका, हे घरोघरी पोचवणारी यंत्रणा म्हणजे आशा कार्यकर्त्या आणि आरोग्यसेविका. लावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी आठवड्याला घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनचंही तेच. गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, मळमळलं की पुढच्या आठवड्याची गोळी राहून जाते. ‘पोटात काहीतरी घालून, भरपूर पाण्याबरोबर घे, लगेच आडवी होऊ नको,’ हे त्याच वाडीतली बाई सांगते तेव्हा ऐकलं जातं.

पण आशा त्याच वाडीतली, हीच तिची मर्यादाही आहे. ताप आणि बाळंतपण यांसाठी तिच्यासारखा मध्यस्थ नाही. एचआयव्ही, गर्भपात, क्षयरोग, दारू, मनाचा आजार यांसाठी मात्र रुग्णाला ओळखीचा मध्यस्थ नकोच असतो. कुणाला कधी बाहेर थांबवायचं, हे कळणं हेही संवादाचंच कौशल्य.

कागदावर काय, प्रत्यक्षात काय

वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग २०१९ च्या तुकडीपासून वैद्यकीय अभ्यासक्रमात आला, आणि सुरुवातीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेलाही जागा मिळाली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये १७ रुग्णहक्कांची सनद तयार केली, समजेल अशा भाषेत माहिती मिळणं त्यात आलं. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांचा फलक लावणं बंधनकारक केलं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने रुग्णालय गोंड गावासारखं बांधलं आणि लोकांच्या इच्छेने त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं, ते तर त्याहून कितीतरी आधी. लोकांच्या बोलीत आणि रीतीत दवाखाना चालवता येतो, हे राज्याला माहीत नाही असं नाही.

उणीव आहे ती कामाच्या वाटणीत. मधल्या माणसाचं काम कुणाच्याच नोकरीच्या कागदावर नाही. ते सून, मुकादम, वॉर्डबॉय आणि आशा यांच्यावर फुकट आणि न शिकवता सोडलेलं आहे. ओरोसच्या महाविद्यालयाने पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना मालवणीत दुखणं ऐकायला शिकवावं. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एका परिचारिकेला दुभाषेपणाचं आणि गुप्तता पाळण्याचं प्रशिक्षण देऊन त्या कामाचा वेगळा भत्ता द्यावा. चिठ्ठीबरोबर सूर्य-चंद्राच्या खुणांचं मराठी पान मिळावं. मच्छीमारांसाठी तपासणीची शिबिरं १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत, ते घरी असताना घ्यावीत. आणि केसपेपरवर एक छोटा रकाना वाढवावा : ‘माहिती कोणी सांगितली?’ तिथे ‘रुग्णाने’ असं किती वेळा लिहिलं जातं, हे वर्षभर मोजलं तरी जिल्ह्याला आपली स्थिती कळेल.

खर्चिक यातलं काहीच नाही. तोवर, वाचकहो, पुढच्या वेळी आईला किंवा सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देऊ नका. त्यांना बोलू द्या.